वसईच्या व्यापाऱ्याचें समाधान

धन मिळालें म्हणजे मन स्वस्थ होईल, ही मनुष्याची फार जुनी समजूत आहे. आणि धन मिळूनही मन स्वस्थ झालें नाहीं, हा त्याचा तितकाच जुना अनुभव आहे. आपल्या धर्मग्रामाच्या ह्या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं, ज्याला हा अनुभव ऐन भरभराटींत आला आणि ज्यानें त्याचें उत्तर ख्रिस्तचरणीं शोधिलें, अशा एका भूमिपुत्राचें चरित्र आठवणें उचित होईल. तो भूमिपुत्र म्हणजे वसईचे संत गोन्सालो गार्सिया.

गुजराथचा सुलतान बहादूरशहा ह्यानें १५३४ सालीं वसई पोर्तुगिजांच्या हवालीं केली. पुढें तेथें तटबंदी, मठ, ख्रिस्तमंदिरें व धनिकांचे वाडे उभे राहिले. जहाजें बांधलीं जाऊं लागलीं. अशा ह्या वैभवशाली नगरांत सुमारें १५५६ सालीं गोन्सालोंचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज, माता ह्याच भूमीची. त्यांचें शिक्षण येशूसंघाच्या धर्मगुरूंपाशीं झालें, आणि कोवळ्या वयांतच ते त्यांच्याबरोबर जपान देशीं गेले. तेथील भाषा त्यांनीं उत्तम प्रकारें आत्मसात केली व धर्मशिक्षकाचें काम केलें. येशूसंघांत प्रवेश मिळावा, ही त्यांची मनीषा मात्र फळास आली नाहीं.

मनीं हिरमुसलेल्या ह्या तरुणानें मग व्यापार आरंभिला. येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. व्यापारांत बुडालेल्या मनुष्यानें विरक्तीची भाषा बोलावी, ह्यांत नवल तें काय? गोन्सालोंचा व्यापार बुडाला नव्हता. तो भरभराटीस आला होता. अतिपूर्वेकडील बंदरांत त्यांचा जम बसला होता. तरीही अंतःकरणांतील पोकळी नफ्यानें भरून निघाली नाहीं. अखेर फिलिपाईन्स बेटांतील मनिला शहरीं त्यांनीं व्यापार सोडला आणि फ्रान्सिस्कन संघाचा झगा अंगीकारिला. ज्या असिसीच्या संत फ्रान्सिसांनीं हा संघ स्थापिला, ते स्वतः एका धनाढ्य कापडव्यापाऱ्याचे पुत्र होते, हें येथें विसरूं नये. गोन्सालो धर्मगुरूही झाले नाहींत. ते अखेरपर्यंत संघाचे साधे बंधु राहिले, आणि ज्यास मोठें पद मिळालें नाहीं त्यासही पूर्ण समाधान मिळूं शकतें, हें त्यांनीं दाखवून दिलें.

त्यांनीं धन सोडलें. परंतु देवानें दिलेले गुण वायां जाऊं दिले नाहींत. १५९३ सालीं फिलिपाईन्सच्या गव्हर्नरानें फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांस वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी ह्याजकडे पाठविलें, तेव्हां गोन्सालो दुभाषे म्हणून बरोबर गेले. पूर्वीं जी वाणी सौदे जुळवीत होती, ती आतां प्रभूच्या सेवेंत रुजू झाली. क्योतो नगरींत ह्या संन्याशांनीं मठ बांधिला व कुष्ठरोग्यांसाठीं रुग्णालय चालविलें. ज्यांस आप्तांनीं टाकिलें, त्यांच्या जखमा धुण्यांत ह्या एका काळच्या व्यापाऱ्यास आपली खरी मिळकत सांपडली.

१५९६ च्या ऑक्टोबरांत एक विलक्षण घटना घडली. मनिलाहून मेक्सिकोस मौल्यवान माल घेऊन निघालेलें ‘सान फेलिपे’ नांवाचें जहाज वादळांत सांपडून जपानच्या तोसा किनाऱ्यास लागलें. हिदेयोशीनें तो सारा माल जप्त केला. ह्या प्रकरणांतून परकीयांविषयींचा संशय बळावला व धर्मप्रसारकांवर संकट ओढवलें. १५८७ सालीं निघालेली हद्दपारीची आज्ञा होतीच. आतां प्राणांवर बेतलें. एकाच वादळांतून दोन गोष्टी घडल्या. ज्यांचें सर्वस्व जहाजाच्या पोटांत होतें, त्यांचें सर्वस्व गेलें. गोन्सालोंपाशीं मात्र जप्त करण्याजोगें कांहींच नव्हतें. आणि जें होतें त्यास राजाज्ञा पोहोंचत नव्हती.

कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यांत आली, आणि भर हिंवाळ्यांत त्यांस दूरच्या नागासाकीस चालविण्यांत आलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं तेथील टेकडीवर सव्वीस जणांस क्रुसावर बांधून भाल्यांनीं भोसकण्यांत आलें. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघी व सतरा जपानी प्रापंचिक होते. सर्वांत लहान मुलगा अवघ्या बारा वर्षांचा होता. १६२७ सालीं पोप आठवे अर्बन ह्यांनीं त्यांस धन्य म्हणून घोषित केलें, आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस ह्यांनीं संतपद दिलें. भारतांत जन्मलेले ते पहिले संत होत.

आणि त्यांच्या जन्मनगरीचें वैभव? १७३९ सालीं चिमाजीआप्पांच्या फौजेनें वसईचा किल्ला सर केला. आज तेथें भग्न भिंती व छप्पर नसलेलीं ख्रिस्तमंदिरें उरलीं आहेत. वाड्यांच्या धन्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. ज्यानें सर्व सोडलें, त्याचें नांव मात्र घरोघरीं मुलांस ठेविलें जातें.

ह्याचा अर्थ धन कमावणें पाप आहे, असा नव्हे. घाम गाळून मिळविलेली भाकर ही परमेश्वराचीच देणगी आहे. परंतु ज्या जमिनींत पूर्वजांनीं पानवेली व केळी लाविल्या, तिला आज सोन्याचें मोल आलें आहे. आणि त्या मोलापायीं भावाभावांत अबोला येतो, सख्खीं माणसें कोर्टाची पायरी चढतात, हें आपण पाहतोंच. अशा वेळीं दागिन्यांच्या पेटीपाशीं नव्हे, तर वेदीपाशीं बसून आपल्या मनास विचारावें: माझें समाधान कोणी जप्त करूं शकेल अशा ठिकाणीं तर मीं ठेविलें नाहीं ना? संत गोन्सालोंच्या मध्यस्थीनें परमेश्वर आपल्या घराण्यांस तृप्त अंतःकरण देवो, हीच ह्या ज्युबिलीच्या दिवशीं प्रार्थना.