अमागोया

अमागोया म्हणजे जपानच्या किनाऱ्यावरील 'अमा' या पाणबुड्या स्त्रियांची विसाव्याची झोपडी होय. प्राणवायूची नळकांडी न वापरता, केवळ श्वास रोखून समुद्रतळाशी जाणाऱ्या आणि तेथील शिंपले, शंख व समुद्री वनस्पती काढणाऱ्या स्त्रियांना अमा म्हणतात. बुडी मारण्यापूर्वी कपडे बदलणे आणि पाण्यातून परतल्यावर विस्तवाजवळ अंग शेकणे यांसाठी ही झोपडी वापरली जाते. मिए प्रांतातील तोबा व शिमा या शहरांच्या परिसरात अशा झोपड्यांमधून पाहुण्यांना निखाऱ्यावर भाजलेले ताजे समुद्री अन्नही दिले जाते.

नाव

'अमा' हा शब्द 'समुद्र' आणि 'स्त्री' या अर्थांच्या दोन चिन्हांनी लिहितात. पाणबुड्या पुरुषालाही अमाच म्हणतात. मात्र त्याचे लेखन निराळे असते. 'गोया' हे 'कोया' म्हणजे झोपडी या शब्दाचे समासात होणारे रूप आहे. मिए प्रांतात या झोपडीला 'कामादो', म्हणजे चूल, असेही म्हणतात.

बुडी मारण्याची पद्धत

अमांचा उल्लेख आठव्या शतकातील 'मान्योशू' या काव्यसंग्रहात आढळतो. त्यांच्या कामाच्या दोन मुख्य पद्धती आहेत. 'काचिदो' अमा किनाऱ्यावरून पोहत जाऊन बुडी मारतात. 'फुनादो' अमा नावेतून जातात व वजनाच्या साहाय्याने वेगाने तळ गाठतात. नावेतील साथीदार, जो बहुधा पती असतो, त्यांना दोरीने वर ओढून घेतो. एक बुडी साधारणतः ५० सेकंदांची असते. तेवढ्या वेळात खडकाला घट्ट चिकटलेला आवाबी हा मोठा शिंपला लोखंडी पटाशीने सोडवावा लागतो. वर येताच अमा शीळ घातल्याप्रमाणे श्वास सोडतात. त्या आवाजाला 'इसोबुए' म्हणतात.

पूर्वीचा पांढरा सुती वेश मागे पडून १९६० च्या दशकापासून रबरी पोशाख रूढ झाला. तरीही डोक्याच्या फडक्यावर चांदणी व जाळी या आकृत्या काढण्याची प्रथा टिकून आहे. चांदणी एकाच रेषेत काढली जाते आणि रेषा आरंभबिंदूशी परत येते. तशीच अमाही सुखरूप परत यावी, अशी त्यामागील श्रद्धा आहे.

झोपडीतील भोजन

झोपडीच्या मध्यभागी विस्तव असतो. थंड पाण्यातून आलेल्या स्त्रिया त्याभोवती बसून शेकतात, जेवतात, समुद्राच्या स्थितीविषयी बोलतात. नवशिक्या अमांचे बरेचसे शिक्षण येथेच होते. पाहुण्यांसाठीचे भोजन या नित्यक्रमातूनच विकसित झाले. साझाए हा शंख त्याच्याच कवचात भाजतात आणि त्यावर सोयाबीनच्या आंबवलेल्या रसाचे थेंब सोडतात. आवाबी, इतर शिंपले आणि सुकवलेले मासेही निखाऱ्यावर ठेवले जातात. भाजणे व वाढणे ही कामे अमा स्वतः करतात आणि त्या वेळी आपल्या कामाची माहिती देतात. तोबा शहरातील ओसात्सु हे गाव यासाठी प्रसिद्ध आहे.

निर्बंध

मिए प्रांतात १०.६ सेंटिमीटरपेक्षा लहान आवाबी काढण्यास मनाई आहे आणि प्रजननकाळात तो काढणे पूर्णपणे बंद असते. बुडी किती वेळ व कोणत्या दिवशी मारायची, हेही गावोगावच्या मच्छीमार सहकारी संस्था ठरवतात. श्वास रोखून काम करण्याच्या पद्धतीमुळेही उपशाला आपोआप मर्यादा पडते.

सद्यःस्थिती

१९५६ मध्ये जपानमध्ये सुमारे १७ हजार अमा होत्या. २०१० पर्यंत त्यांची संख्या सुमारे २,२०० वर आली. उरलेल्यांपैकी अनेक जणी साठीच्या पुढच्या आहेत. समुद्री वनस्पतींची वने विरळ झाल्याने त्यांवर जगणारा आवाबीही घटला आहे. २०१७ मध्ये तोबा-शिमा येथील अमांच्या कौशल्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या अमूर्त लोकवारशाचा दर्जा मिळाला. भोजनामुळे अमांना पूरक उत्पन्न मिळते. परंतु केवळ पाहुण्यांच्या वर्दळीवर ही विद्या टिकणार नाही. समुद्रात आवाबी शिल्लक राहणे आणि तरुण स्त्रियांनी बुडी शिकणे, या दोन्ही गोष्टी त्यासाठी आवश्यक आहेत.

कोकणातील साम्य

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अमांसारखी बुडी मारण्याची परंपरा प्रचलित नाही. मात्र शिंपले गोळा करण्याचे काम येथेही प्रामुख्याने स्त्रियाच करतात. कोकणातील खाड्यांमध्ये त्या ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून हातांनी तिसऱ्या चाचपडून काढतात आणि खडकांवरील कालवे हत्याराने फोडून सोडवतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी अधिक खोल जात असल्याने खडक जास्त उघडे पडतात. त्यामुळे कामाचे दिवस तिथीवरून ठरतात. तिसऱ्यांची एकशिपी हा त्यातून घडलेला कोकणी घरगुती पदार्थ आहे. त्यात शिंपल्याची एक बाजू काढून मांस दुसऱ्या बाजूसह ओल्या नारळात शिजवतात.