विश्रामबाग वाडा

पुण्याच्या सदाशिव पेठेतील पेशवेकालीन वाडा. दुसऱ्या बाजीरावाने तो राहण्यासाठी बांधवला. काम १८०७ च्या सुमारास पुरे झाले आणि खर्च सुमारे दोन लाख रुपये आला, असे सांगतात. जोते दगडी, सांगाडा सागवानी, भिंती विटांच्या. रस्त्यावर झुकलेला लाकडी सज्जा, सुरूच्या आकाराचे खांब आणि केळफुलांचे कोरीवकाम यांमुळे दर्शनी बाजू प्रसिद्ध आहे. वाड्याची ओळख बहुधा ‘बाजीरावाचे निवासस्थान’ एवढीच करून दिली जाते, ती अपुरी आहे. पेशव्याने नोव्हेंबर १८१७ मध्ये पुणे सोडले, म्हणजे त्याचे इथले वास्तव्य जेमतेम दहा वर्षांचे. ऑक्टोबर १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पेशवे विद्वान ब्राह्मणांना देत त्या दक्षिणेची रक्कम तिच्याकडे वळवण्यात आली. डेक्कन कॉलेजचा उगम तो हाच. पुढे नगरपालिका व महानगरपालिकेची कचेरी १९५९ पर्यंत इथे होती. टपाल कचेरीही होती. एका धन्याच्या वाड्याचा गावाचा वाडा झाला, हेच त्याचे खरे महत्त्व आहे आणि जतनाचा विचार तिथूनच व्हायला हवा.

मे १८७९ च्या आगीत पुण्यातला पेशव्यांचाच बुधवार वाडा गेला, विश्रामबागेचाही काही भाग जळाला. तो वर्गणी आणि नगरपालिकेच्या पैशातून पुन्हा उभारला गेला. हे बांधकाम पेशवाईतले नाही, म्हणून ते गौण, असा आक्षेप येतो. पण लाकडी सांगाड्याच्या वाड्यात भार खांब-तुळया पेलतात, वीट मधली जागा भरते. कुजलेला वासा बदलणे, ढासळलेली भिंत पुन्हा रचणे हा अशा घराच्या आयुष्याचाच भाग असतो. शिवाय परक्या अमलात पुणेकरांनी पदरचे पैसे घालून वाडा राखला, हा पुरावा पुसणे म्हणजे इतिहासच खरवडणे होय. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : कचेऱ्यांच्या वापरानेच वाड्याची हानी झाली. हे खरे आहे, पण दोष वापराच्या रीतीचा. चुन्यातल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, वीट भुरभुरते, पापुद्रे सुटतात. असा गिलावा आणि कचेऱ्यांसाठी घातलेल्या आडभिंती काढाव्यात; १८७९ नंतरचा भाग मात्र मूळ भागाइतक्याच काळजीने, चुन्यातच दुरुस्त करावा. महानगरपालिकेने या शतकात डागडुजी हाती घेतली असून वाड्यात शहराच्या इतिहासाचे प्रदर्शनही मांडले आहे.