मान्सूनचे पाणी कोणत्या समुद्राचे?

नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर जे पाणी ओततात, ते मुळात कोठले? १९६० च्या दशकापर्यंत या प्रश्नाला मापनांवर आधारलेले उत्तर नव्हते. जमिनीवर वेधशाळा होत्या. अरबी समुद्रावर मात्र जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांच्या तुटपुंज्या नोंदींवरच भिस्त होती.

ही उणीव भरून काढण्याची पहिली मोठी संधी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने दिली. अनेक देशांची ४० हून अधिक जहाजे तीत उतरली. १९६३ मध्ये मुंबईत कुलाब्याला आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उभे राहिले. हवाई विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज त्याचे संचालक झाले. त्याच पावसाळ्यात अमेरिकी संशोधन-विमाने अरबी समुद्रावरील ढगांत शिरून मोजमापे करीत होती.

या नोंदींच्या आधारे १९६५ मध्ये पी. आर. पिशारोटी यांनी एक धक्कादायक निष्कर्ष मांडला: भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून आत येणारे बाष्प विषुववृत्त ओलांडून येणाऱ्या बाष्पाच्या दुपटीहून अधिक आहे, म्हणजे मान्सूनचे पाणी मुख्यतः अरबी समुद्राचेच. हा वाद केवळ पंडिती नव्हता. पिशारोटींचे खरे असेल, तर पावसाची किल्ली अरबी समुद्राच्या पृष्ठभागी शोधावी लागणार. खोटे असेल, तर थेट दक्षिण गोलार्धात. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठची दोन वर्षे देशाने दुष्काळात काढली, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रश्नाची निकड कळते.

उत्तराचा धागा आफ्रिकेत सापडला. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर यांनी केनियातील फुग्यांच्या नोंदी तपासल्या. जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवरून एक अरुंद, वेगवान वाऱ्याचा झोत विषुववृत्त ओलांडतो, हे त्यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले. एवढा चिंचोळा प्रवाह विरळ नोंदींच्या जाळ्यातून निसटणे साहजिकच होते. पुढे १९७३ मध्ये साहा आणि बावडेकर यांनी नवा हिशेब मांडला व पारडे दक्षिण गोलार्धाकडे झुकले. हे दोघे पुण्याच्या ज्या संस्थेतले, तिचे पहिले संचालक पिशारोटीच! विज्ञानात असे घडावे, यात वावगे काहीच नाही.

निर्णायक पुरावा १९७९ च्या ‘मोनेक्स’ प्रयोगाने दिला. हिंदी महासागरावर नजर ठेवणारा सोव्हिएत उपग्रह वेळेत सिद्ध झाला नाही. तेव्हा अमेरिकेने आपला एक भूस्थिर उपग्रह सरकवून येथे आणला आणि त्याचे संचालन युरोपीय अवकाश संस्थेने स्पेनमधून केले. सोव्हिएत जहाजेही त्याच समुद्रात मापने घेत होती. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या त्या त्याच वर्षाच्या डिसेंबरात. पावसाळा तेवढा आधी पार पडला.

त्या नोंदींतून निघालेल्या हिशेबानुसार सुमारे ७० टक्के बाष्प विषुववृत्तापलीकडून येते. उरलेले सुमारे ३० टक्के अरबी समुद्राच्या बाष्पीभवनाचे.