क्षयारोग्यधामे, सातारा व सांगली

फुप्फुसांच्या क्षयावर रामबाण औषध हाती नव्हते त्या काळी रोग्यास मोकळी हवा, सक्तीची विश्रांती व सकस आहार देण्यासाठी या मुलखात उभ्या राहिलेल्या रुग्णसंस्था. रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच उजेडात आणला होता. परंतु त्यावर चालणारे औषध सापडेपर्यंत साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि त्या दीर्घ अवधीत मुंबई इलाख्यातील अनेक रोग्यांची आशा पाचगणी व मिरज या दोन ठिकाणांवर खिळून राहिली.

समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फूट उंचीवर, महाबळेश्वराच्या पूर्वेस पर्जन्यछायेत वसल्यामुळे पाचगणीची हवा थंड असूनही त्या मानाने कोरडी, तेथे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर आरोग्यधाम स्थापिले, ते १९६४ मध्ये रेड क्रॉस सोसायटीकडे आले. मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उघडणारे मिशनरी शल्यविशारद डॉ. विल्यम वानलेस यांच्या प्रयत्नांतून १९२० मध्ये सांगली-मिरजेच्या दरम्यान क्षयरोग्यांचे स्वतंत्र आरोग्यधाम निघाले, आणि तो परिसर वानलेसवाडी म्हणून ओळखला जाऊ लागला.

अशा आरोग्यधामांतील शिरस्ता कडक असे. उघड्या व्हरांड्यात खाटा, सकाळ-संध्याकाळ तापाची नोंद, दूध व अंडी, झाकणाच्या भांड्यातच बेडका थुंकण्याची ताकीद, आणि ताप उतरला तरी वैद्याच्या हुकुमाविना चार पावले चालण्यासही मनाई. निवडक रोग्यांच्या बाबतीत छातीच्या पोकळीत सुईने हवा भरून रोगट फुप्फुस काही काळ निजविले जाई. या उपचाराने जंतू मरत नसे, शरीराला झुंजण्यास उसंत मात्र मिळे. रोगी घरापासून दूर राहिल्याने त्याच्या कोंदट खोलीतील मुलाबाळांचा संसर्ग टळे, हा लाभ प्रस्तुत लेखकास हवापालटाहून मोठा वाटतो. परंतु महिनोन्‌महिने बिछान्यावर पडून राहण्याची ऐपत हातावर पोट असणाऱ्यास कोठून असणार?

स्ट्रेप्टोमायसिन व १९५२ पासून आयसोनियाझिड उपलब्ध झाल्यावर चित्र पालटले. मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या व १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तौलनिक अभ्यासाने दाखवून दिले की, गरीब वस्तीतील दाटीच्या घरात, निकृष्ट आहारावर राहूनही नियमाने औषध घेणारा रोगी आरोग्यधामातील रोग्याच्या बरोबरीनेच बरा होतो आणि त्याच्या घरच्यांस त्यामुळे अधिक धोका पोहोचत नाही. आरोग्यधामांचे प्रयोजन येथेच ओसरले. १९६२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने उपचार जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. दक्षिण सातारा म्हणून १९४९ मध्ये वेगळ्या झालेल्या जिल्ह्यास सांगली हे नाव नुकतेच मिळाले होते, त्या सुमाराची ही गोष्ट.

साध्या, औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा उपचार आज सहा महिन्यांचा आहे, आणि सरकारी दवाखान्यांत तो मोफत मिळतो. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून या दोन जिल्ह्यांतील साखर कारखान्यांच्या फडावर येणाऱ्या ऊसतोड मजुराच्या बाबतीत मात्र तेवढ्या मुदतीतच एक स्थलांतर येते. औषध मध्येच सुटल्यास जंतू औषधांना दाद देईनासा होण्याचे भय असते, म्हणून गाव सोडण्यापूर्वी रोग्याची नोंद नव्या ठिकाणच्या आरोग्य केंद्राकडे वर्ग करून घ्यावी लागते.