‘मरुत’ विमान आणि ध्वनीचा वेग

विमानाचा वेग दोन गोष्टींवर ठरतो : देहाची घडण आणि एंजिनाचा जोर. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जेट विमानें लढाईंत उतरलीं, तेव्हां जोर वाढला. पण ध्वनीच्या वेगाजवळ जातांच हवा पंखांपुढें दाटून वाट अडवूं लागली. पंख मागें झुकविल्यास हा विरोध लांबणीवर पडतो, हें जर्मन शास्त्रज्ञ बुसेमान यांनीं १९३५ सालींच मांडलें होतें.

त्याच सुमारास जर्मनींत, ग्यॉटिंगेन येथें, प्रांट्ल यांच्या हाताखालीं एक महाराष्ट्रीय तरुण वायुगतिशास्त्राचें अध्ययन करीत होता. ते विष्णु माधव घाटगे. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत १९४२ सालीं निघालेल्या विमानविद्या-विभागाचे ते पहिले प्रमुख. पुढें ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कारखान्यांत त्यांनीं आखलेलें ‘एच. टी. २’ हें शिकाऊ वैमानिकांचें विमान १९५१ सालीं उडालें. देशांत विमान आखणारे हात आहेत, हें त्यानें सिद्ध केलें.

वायुदलास मात्र ध्वनीच्या दुप्पट वेगाचें लढाऊ विमान हवें होतें. त्यासाठीं जर्मन अभियंते कुर्ट टांक १९५६ सालीं बंगलोरास आले. झुकलेले पंख, मध्यें आवळलेली कंबर, अशी ‘मरुत’ची घडण ठरली. १९५९ सालीं त्याचें एंजिनाविना तरंगणारें लाकडी प्रतिरूप डकोटा विमानानें ओढून नेऊन आजमावण्यांत आलें. आणि १७ जून १९६१ रोजीं सुरंजन दास यांनीं खरें विमान आकाशांत नेलें.

देह सिद्ध झाला, पण एंजिन मिळेना. ज्या ब्रिटिश ऑर्फियस एंजिनावर सारी भिस्त होती, त्याचा जोर ८,००० पौंडांहून अधिक व्हावयाचा होता. ब्रिटिश सरकारनें त्याचा खर्च थांबविला. भारतानेंहि तो उचलला नाहीं. अखेर ४,८५० पौंड जोराचीं दोन जुनीं एंजिनें बसविलीं गेलीं, आणि विमान ध्वनीच्या उंबरठ्याशींच अडलें. इजिप्तच्या एंजिनावरील प्रयोग १९६९ सालीं संपला. एंजिनाच्या शेपटाशीं पुन्हां इंधन जाळून जोर वाढविण्याच्या खटपटींतील विमान घेऊन उडतांना, १० जानेवारी १९७० रोजीं दास यांनीं प्राण गमावले.

एकूण १४७ ‘मरुत’ बनलीं. १९७१ च्या युद्धांत राजस्थान-आघाडीवर त्यांनीं जमिनीलगतच्या माऱ्याचें काम चोख बजावलें. १९९० सालीं तीं निवृत्त झालीं. मुंबईंत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रांत त्यांतील एक उभें आहे.

घडण उसनी घेतां येते, शिकतांहि येते. परंतु एंजिन दुसऱ्याच्या हातीं असेल, तर वेगाची मर्यादाहि दुसराच ठरवितो. २००१ सालीं प्रथम उडालेल्या ‘तेजस’लाहि अमेरिकन एंजिनच बसवावें लागलें होतें. ‘मरुत’नें घातलेला तो धडा अद्याप पुरा झालेला नाहीं.