कै. सौ. लक्ष्मीबाई भाऊराव पाटील : एक पुण्यस्मरण

इ. स. १९३० मध्ये लक्ष्मीबाई निवर्तल्या, तेव्हा रयत शिक्षण संस्थेचे वय अवघे अकरा वर्षांचे होते. संस्थेचे एकही महाविद्यालय निघाले नव्हते. ज्या वृक्षाच्या मुळाशी त्यांनी आपले सर्वस्व ओतले, त्याची सावली त्यांना पाहावयास मिळाली नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांची चरित्रे पुष्कळ झाली आहेत. त्यांत लक्ष्मीबाईंचा प्रसंग येतो तो बहुधा एखाद्या परिच्छेदापुरता, आणि तोही मंगळसूत्राचा. वक्ते तो दोन मिनिटांत सांगून पुढे जातात. परंतु त्या परिच्छेदात काय सामावले आहे, याचा विचार आपण करावयास हवा.

भाऊरावांचे मूळ घर ऐतवडे बुद्रुकचे. हे वाळव्याकडील गाव आज सांगली जिल्ह्यात मोडते. लक्ष्मीबाईंच्या हयातीत मात्र ते सातारा जिल्ह्यातच होते. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ साली वेगळा झाला व त्यास सांगली हे नाव १९६० साली मिळाले. लक्ष्मीबाईंचे माहेर कुंभोजचे, म्हणजे भाऊरावांचे आजोळही तेच. दोन्ही घराणी जैन, पाटीलकीच्या वळणाची. त्या काळी अशा घरांत सोवळेओवळे कडक असे. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाचे चालत नाही, हे मुलीस अक्षरओळखीच्या आधी कळे. अक्षरओळख तर पुष्कळींना होतच नसे.

अशा घरातील ही सून साताऱ्यास कोणत्या घरात येऊन राहिली? ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे भाऊरावांनी संस्था स्थापिली व १९२४ साली ती साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहात मराठा, महार, मुसलमान, जैन अशा सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत व एका पंक्तीस जेवत. १९२७ साली महात्माजींनी या वसतिगृहास भेट दिली व त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले, हे सर्वश्रुत आहे. सभेत व्याख्यान देऊन जातिभेद मोडणे एक, आणि रोज सकाळ-संध्याकाळ तो चुलीपाशी मोडणे दुसरे! पहिल्या कामास टाळ्या मिळतात. दुसऱ्यास माहेरच्या माणसांची नाराजी मिळते. भाऊराव फंडासाठी गावोगाव हिंडत. मागे राहिलेल्या मुलांना या वहिनीनेच आईच्या मायेने वागविले.

आता सोन्याविषयी. त्यांच्या अंगावर शंभर तोळ्यांच्या घरात दागिने होते असे सांगतात. आजच्या मापाने हे वजन एका किलोहून अधिक भरते. वसतिगृहाचा खर्च भागेना तसतसे एकेक दागिने जात राहिले, आणि मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून अखेरीस मंगळसूत्रही गेले. येथे एक कायद्याची गोष्ट ध्यानी घेणे अगत्याचे आहे. एकत्र कुटुंबाच्या जमीनजुमल्यात त्या काळी स्त्रीस वाटा नसे. विधवेस मर्यादित हक्क देणारा कायदा १९३७ साली आला, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी; वारसा कायदा तर १९५६ चा. तोपर्यंत जे खरोखर तिचे म्हणता येई ते स्त्रीधनच. वैधव्य, दुष्काळ, दुखणे, भाऊबंदकी या साऱ्यांवर तोच एक आधार. लक्ष्मीबाईंनी दिले ते शिलकीतले नव्हे. उद्या पतीचे काही बरेवाईट झाले असते, तर त्यांच्यापाशी काय उरले असते? शिवाय पती हयात असता गळा मोकळा ठेवणे म्हणजे अशुभ, असे मानणाऱ्या समाजात त्यांना हळदीकुंकवास जावयाचे होते. त्यागाचे माप करावयाचे झाल्यास तोळ्यांपेक्षा या गोष्टींनी करावे, असे आम्हांस वाटते.

त्यांच्या पश्चात भाऊराव एकोणतीस वर्षे जगले. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ साली कऱ्हाडास गाडगे महाराजांच्या नावाचे कॉलेज. १९५९ साली भाऊरावांस पद्मभूषण मिळाले व त्याच वर्षी ९ मे रोजी ते दिवंगत झाले. पुढे संस्थेने सोलापुरास लक्ष्मीबाईंच्या नावे महिला महाविद्यालय चालविले. अक्षरओळखीस पारख्या राहिलेल्या पिढीतील एका स्त्रीचे नाव आता शेकडो मुलींच्या गुणपत्रिकांवर उमटते.

जाता जाता समाजबंधुभगिनींस एक विनंती. आपल्या स्मरणिकेच्या श्रद्धांजलीच्या पानांसाठी जी माहिती येते, तीत कर्त्या पुरुषांचा धंदा, पदे, देणग्या तपशिलाने असतात. गृहिणींच्या वाट्यास ‘प्रेमळ’, ‘धर्मपरायण’ अशी विशेषणे येतात व मजकूर आटोपतो. पुढील वर्षी दिवंगत माता-भगिनींची माहिती धाडताना त्यांचे माहेरचे नाव, गाव, शिक्षण, आणि घर अडचणीत असता त्यांनी काय मोडले, काय सोडले, हेही लिहून पाठवावे. घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांस विचारून घ्यावे.