कंपवात : डोपा उपचाराचा इतिहास

कंपवात (पार्किन्सन रोग) हा मध्यमस्तिष्कातील कृष्णद्रव्य या भागातील तंत्रिका कोशिका हळूहळू नष्ट झाल्याने होणारा विकार असून कंप, स्नायूंचा ताठरपणा व हालचालींतील मंदपणा ही त्याची प्रमुख लक्षणे होत. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन (१७५५–१८२४) यांनी १८१७ मध्ये अवघ्या सहा रुग्णांवरून त्याचे वर्णन केले. त्यांपैकी काही तर त्यांनी केवळ रस्त्यात पाहिलेले होते. तरीही ते वर्णन बव्हंशी टिकून राहिले. कंप प्रत्येक रुग्णात असतोच असे नाही, हे पुढे फ्रेंच तंत्रिकातज्ञ शार्को यांनी दाखविले व विकारास पार्किन्सन यांचे नाव दिले.

उपचाराची वाट मात्र अनपेक्षित ठिकाणाहून निघाली. सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यकात पूर्वापार वापरात होती. मुंबईचे हृद्‌रोगतज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिच्या रक्तदाबावरील उपयोगासंबंधीचा लेख ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केल्यावर पाश्चात्त्य वैद्यांचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. १९५२ मध्ये तिच्या मुळांतून रेसरपीन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. ते घेणाऱ्या काही रुग्णांत कंपवातासारखी लक्षणे दिसू लागली. स्वीडनमधील आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसरपिनाने निश्चल झालेल्या सशांना डोपा टोचले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूत डोपापासून डोपामीन बनते. कंपवाताने मृत झालेल्यांच्या मेंदूत नेमके हेच द्रव्य फार कमी असते, असे १९६० मध्ये व्हिएन्ना येथे एरिंगर व हॉर्निकीविच यांना आढळले. पुढील वर्षी तेथेच बिर्कमायर यांनी डोपा शिरेतून दिले आणि अंथरुणावर खिळलेले रुग्ण काही तास चालू शकले.

डोपा हे द्रव्य नवे नव्हते. गुगेनहाइम यांनी १९१३ मध्ये ते बाकल्यापासून वेगळे करून स्वतः घेतले होते व त्यांना ओकाऱ्या झाल्या होत्या. या ओकारीमुळेच पुरेशी मात्रा देणे अवघड जाई. अमेरिकेत कोट्झिअस यांनी १९६७ मध्ये ते तोंडावाटे, अल्प मात्रेपासून अतिशय सावकाश वाढवीत देऊन ही अडचण ओलांडली. यशाचे श्रेय औषधाइतकेच या चिकाटीला द्यावे लागेल. पुढे कार्बिडोपाच्या जोडीने मात्रा बरीच कमी करता आली.

परंतु १९६९ पर्यंत दुसरी बाजूही पुढे आली होती. काही रुग्णांचे हातपाय, मान व चेहरा अनैच्छिकपणे वेडेवाकडे हलू लागत. काही वर्षांच्या उपचारानंतर प्रत्येक मात्रेचा परिणाम लवकर ओसरे. एकाच दिवसात माणूस कधी मोकळा, तर कधी जखडलेला असे. कोशिका कमी झाल्या की डोपामीन साठवून जपून वापरण्याची क्षमता घटते व मेंदू रक्तातील औषधाच्या चढउतारांवर अवलंबून राहतो, असे याचे स्पष्टीकरण देतात. प्रथिनयुक्त आहारही औषधाच्या शोषणात अडथळा आणतो.

या उपद्रवांवर अमँटाडीन, आतड्यात नळीने सतत औषध सोडणे आणि मेंदूत विद्युत् अग्रे बसविणे हे उपाय योजतात. यांतील शेवटचे तंत्र फ्रान्समध्ये ग्रनोबल येथे बेनाबीद यांनी १९८७ पासून कंपासाठी विकसित केले. अनैच्छिक हालचाली व चढउतार यांनी त्याने कमी होतात. कोशिकांचा ऱ्हास मात्र थांबत नाही. तो थांबविणारे सिद्ध औषध अद्याप उपलब्ध नाही.